डब्याच्या तळाचा कागद

चकल्या संपल्या तेव्हा डब्याच्या तळाशी कागद उरला. गिरिजाने तेलकट बोटं त्याच कागदाला पुसली, आणि मग तिला दिसलं की कागदावर मराठी छापलेलं आहे.

आधी पुसली, मग दिसलं. पुढे या गोष्टीतल्या सगळ्यांची तिला किळस आली. पण त्या किळसेची सुरुवात आपल्याच बोटांपासून झाली होती, हे ती विसरली नाही.

गिरिजा मूळची नाशिकची. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होती. मार्च २००७चा महिना, बाहेर काळपट पडलेला बर्फ, आणि गावात देशी दुकान म्हणावं असं एकच, तिथेही भाजणी कुठली मिळायला! चकली मिळायची ती रत्नाकाकूंच्या हातची. काकू आणि त्र्यंबककाका हे संजीवचे आईवडील, पुण्याचे. संजीव इथे सॉफ्टवेअरमध्ये होता. म्हातारा-म्हातारी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दर रविवारी गिरिजा कॅम्पसची बस पकडून त्यांच्याकडे जायची, वरणभात जेवायची आणि त्या बदल्यात काकांचं पुस्तक टाइप करून द्यायची. कारण साऱ्या पंचक्रोशीत मराठी टाइप करता येणारी ती एकटीच.

पुस्तक म्हणजे गौरवग्रंथ. काकांचे पणजोबा विसाजीपंत नाशिकला ‘गोदातरंग’ नावाचं साप्ताहिक चालवत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या अग्रलेखांचा ग्रंथ काढून जुलैच्या मराठी अधिवेशनात त्याचं प्रकाशन करायचं, असा काकांचा घाट होता. त्यासाठी त्यांनी १८७३ सालचं बाड पुण्याहून धोतरात गुंडाळून आणलं होतं. विसाजीपंत किती थोर, किती सुधारक, हे गिरिजाला आता पाठ झालं होतं. शिळ्या कढीला दर रविवारी ऊत येत असे.

तर तो कागद. पिवळा, कडा तुटक्या, मधोमध चकल्यांच्या तेलाची वर्तुळं. एका बाजूने कात्रीने सरळ कापलेला. गिरिजाने खिडकीपाशी नेऊन वाचला.

‘रा. रा. गोदातरंगकर्ते यांस वि. वि. मी यिर्मया, राहणार शरणपूर, जात आफ्रिकन, धंदा लोहारकाम. मला लहानपणीं गुलामांच्या गलबतांतून इंग्रजांनीं सोडविलें व येथें आणिलें. आईचें तोंड आठवत नाहीं, तिची भाषाही आठवत नाहीं. मला स्वप्नें पडतात तीं मराठींत पडतात. मी पेठेंत जाऊन मराठींत खिळ्यांचा भाव सांगतों, तरी दुकानदार मला बोटांनीं खुणा करून उत्तर देतात, जणूं मी मुका आहें. आतां साहेब म्हणतात, तुला तुझ्या देशीं मोंबाशास पाठवितों. माझी नाशिककरांस इतकीच पृच्छा आहे कीं, तेथें मी कोणाशीं बोलूं? मला येथून घालविण्यापूर्वीं एकानें तरी मजशीं तोंडानें बोलावें, एवढ्याकरितां हें पत्र मी माझ्या हातानें’

इथे कात्री फिरली होती.

गिरिजा शरणपूर रोडवर लहानाची मोठी झाली होती. तिची शाळा त्या रस्त्यावर, क्लास त्या रस्त्यावर, पहिली सायकल तिथेच चोरीला गेलेली. त्या रस्त्याच्या टोकाला आफ्रिकेतून सोडवून आणलेली माणसं राहत होती आणि त्यांना मराठीत स्वप्नं पडत होती, हे तिला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं. तिने ते पत्र तीनदा वाचलं. मग टिश्यू पेपर घेऊन तेल टिपायला बसली. तेल काही निघालं नाही.

पुढच्या रविवारी दारातून आत शिरताच तिने विचारलं, “काका, बाडातलं बाकीचं कुठंय?”

“बाकीचं म्हणजे?” काका सोफ्यावर मांडी घालून बसले होते. मांडीवर जाडजूड काळा अल्बम, शेजारी कात्री आणि वाटीत गव्हाच्या पिठाची खळ. इकडच्या ग्लू स्टिकवर त्यांचा विश्वास नव्हता. खळीने चिकटवलेलं शंभर वर्षं टिकतं, असं ते अभिमानाने सांगत. “पणजोबांचे अग्रलेख कापून घेतले सगळे. सत्तावीस आहेत.”

“आणि उरलेले कागद?”

“ते भरताड गं. बाजारभाव, जाहिराती, कोणाकोणाची पत्रं. काय करायचंय ठेवून? संजीवच्या घरात जागा कुठंय?”

काकू ओट्यापाशी लाटण्याला तूप लावत होत्या. त्या अपराधी चेहऱ्याने वळल्या. “मी थोडे डब्यात घातले, थोडे ड्रॉवरमध्ये अंथरले. इथं रद्दी म्हणून मिळत नाही बघ. पेपर टॉवेल किती वापरायचा? जिवावर येतं. उरलेले संजीवने रिसायकलिंगला दिले.”

म्हणजे आख्ख्या जगात बहुधा एकच प्रत असलेलं बाड एका घरात तिघांनी मिळून निकालात काढलं होतं: एकाने कापलं, एकीने अंथरलं, एकाने निळ्या डब्यात घालून रस्त्यावर ठेवलं. आणि चौथीने बोटं पुसली. गिरिजाने काकूंच्या ओट्याखालचे सगळे ड्रॉवर उपसले. चमच्यांखाली बाजारभाव निघाले, पळी-झाऱ्यांखाली काविळीच्या औषधाची जाहिरात. पत्र दुसरं एकही नाही.

“काका, हे पत्र वाचा तरी,” तिने प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद पुढे केला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. “हबशाचं आहे. मग?”

“मग काय काका? कसलं लिहिलंय!”

“हो, आहे खरं. बरं लिहिलंय.” आणि ते पुन्हा कात्री शोधू लागले.

इथवर सगळं नुसतं दुर्लक्ष होतं. दुर्लक्ष माणूस एक वेळ गिळतो. पण गिरिजाने एक चूक केली. आठवड्यात तिने विद्यापीठात आफ्रिकेचा इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंना त्या कागदाचा फोटो दाखवला आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. त्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, या लोकांबद्दल साहेबांनी लिहिलेलं पुष्कळ आहे, पण त्यांच्यातल्या कोणी त्या काळी मराठी वर्तमानपत्रात स्वतः लिहिलेलं आपण पहिल्यांदाच बघतोय. ही बातमी गिरिजाने आनंदाच्या भरात फोनवर काकूंना सांगितली. काकूंनी जेवताना ती काकांना आणि संजीवला सांगितली.

पुढच्या रविवारी घराचा रंगच पालटलेला. काका दारात उभे. “ये, ये. तो कागद आणलास ना?”

संजीव लॅपटॉप उघडून बसलेला. “गिरिजा, धिस इज ह्यूज यार! अधिवेशनाच्या कमिटीला मी ईमेल टाकला. त्यांना भयंकर इंटरेस्ट आहे. ग्रंथाचं पहिलं प्रकरणच हे करायचं.”

गिरिजाचा जीव भांड्यात पडला. “खरंच? यिर्मयावर प्रकरण?”

“यिर्मया कसला!” काका हसले. हसले म्हणजे लहान मुलीने काही विचारल्यावर हसतात तसे. “अगं, मी रात्रभर विचार केला. हे पत्र पणजोबांचंच आहे. हबशाचं सोंग घेऊन लिहिलेलं. समाजाला टोचण्यासाठी. त्या काळी संपादक असं करायचे. काय दूरदृष्टी! १८७३ साली एका शिद्याच्या मनात शिरून लिहिणं खायची गोष्ट आहे?”

“काका, त्याने आपलं नाव, गाव, धंदा सगळं लिहिलंय.”

“पात्र आहे ते. भाषा बघ ना. ‘मला स्वप्नें पडतात तीं मराठींत पडतात.’ हे काय लोहाराचं वाक्य आहे? त्यातून हबशी. संस्कार लागतात बाळ अशा वाक्याला. पिढ्यानपिढ्यांचे.”

गेल्या रविवारी हेच वाक्य भरताड होतं. ड्रॉवरमध्ये पळीखाली अंथरायच्या लायकीचं. त्याला किंमत आली आणि रातोरात ते घराण्याचं झालं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. इथे दुसऱ्याचं कार्टं गुणी निघालं म्हणून त्यालाच बाळ्या करून मांडीवर घेतलं होतं. गिरिजाला इतकी शिसारी आली की समोरच्या वाटीतलं श्रीखंड तिला खाववेना.

आणि हे सांगत कोण होतं? त्र्यंबककाका! जे गेल्याच महिन्यात बँकेतून लालबुंद होऊन आले होते. काउंटरवरची पोरगी त्यांना म्हणाली होती, ‘तुमचं इंग्लिश किती छान आहे हो!’ काका दोन दिवस जेवले नव्हते धड. “पस्तीस वर्षं इंग्रजीत ऑडिटचे रिपोर्ट लिहिले मी! हिला नवल वाटतं? माझा रंग बघून नवल वाटतं हिला?” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. गिरिजानेही त्या मुलीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

“काका, बँकेतल्या त्या मुलीने हेच केलं होतं ना तुमच्याशी?” ती म्हणाली.

काकांचा आवाज थंड झाला. “ती गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी?”

“तू आकडेवारी शिकतेस ना? मग पुरावा दे. कोण होता हा यिर्मया? कुठे जन्मला, कुठे मेला? एक तरी कागद दाखव. नाहीतर ते नाव खोडायचं आणि खाली पणजोबांचं नाव टाकायचं. शुक्रवारी फाईल छापायला जायचीय.”

संजीव मध्ये पडला. “गिरिजा, चिल. यू आर ओव्हररिअ‍ॅक्टिंग. तो कोण होता, कोणाला पडलंय? त्याच्याकडून क्लेम करायला कोणी येणार आहे का?”

कोणी येणार नव्हतं, हेच तर खरं. ज्याच्या मागे भांडायला कोणी नाही, त्याच्या टाळूवरचं लोणी खायला ही माणसं बसली होती, आणि तेही अगदी सुसंस्कृतपणे, श्रीखंड-पुरीबरोबर. शिवाय त्यांना ते गिरिजाच्या बोटांनी करून हवं होतं. टाइप तिलाच करायचं होतं. नाही म्हणावं तर या परमुलुखात हक्काचं दार एवढंच. आईला तिने फोनवर कितीदा सांगितलेलं, ‘काकू आहेत गं इथे, काळजी करू नकोस.’ हो म्हणावं तर यिर्मयाला एकशे चौतीस वर्षांनी दुसऱ्यांदा हाकलायचं, आणि या वेळी साहेबांनी नाही, शरणपूर रोडच्या पोरीने.

जेवण झाल्यावर काका वरच्या खोलीत वामकुक्षीला गेले. संजीव ग्रोसरीला गेला. गिरिजा लॅपटॉपसमोर नुसती बसली. पत्र टाइप करून झालं होतं, ‘माझ्या हातानें’ इथपर्यंत. खाली कर्सर लुकलुकत होता.

काकू हात पुसत बाहेर आल्या. “पत्र अर्धंच आहे ना गं? उरलेलं कुठे गेलं?”

“कापलं काकांनी. या पानाच्या पाठीमागे अग्रलेख होता. तो कापताना पत्राची शेपटी त्याच्याबरोबर गेली.”

“म्हणजे अल्बममध्ये आहे.”

“अग्रलेखाच्या पाठीला आहे काकू. चिकटलेली. फाडल्याशिवाय निघणार नाही.”

काकूंनी अल्बम उघडला, पत्राच्या कागदावरची तारीख जुळवून पान काढलं आणि कोपऱ्यावर नख फिरवून पाहिलं. “खळीने चिकटवलंय. फाडायचं कशाला? वाफ दिली की सुटेल. माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटांवरची तिकिटं आम्ही अशीच सोडवली होती.”

आणि त्यांनी मोदकपात्र काढलं. पुण्याहून सामानात आणलेलं, इकडे गणपतीलाच बाहेर निघणारं. त्यात पाणी उकळायला ठेवलं. झाकण बाजूला करून अल्बमचं पान वाफेवर अलगद धरलं. गिरिजा घाबरून म्हणाली, “काकू, काका रागावतील.”

“सेहेचाळीस वर्षं रागावतायत. आता मला त्याची वाफ लागत नाही. तू चिमटा धर.”

खिडक्यांच्या काचा धुरकटल्या. पिठाचा आंबूस वास सुटला. काकू उलथन्याने कडा सोडवत होत्या, तव्यावरचं धिरडं सोडवावं तशा. दहा मिनिटांनी विसाजीपंतांचा ‘नाशिकक्षेत्रीं सुधारणेची आवश्यकता’ हा अग्रलेख अल्बमपासून सुटला. काकूंनी तो पालथा करून स्वच्छ पंच्यावर ठेवला.

पाठीवर पत्राची शेपटी होती.

‘लिहिलें आहे. चूकभूल असल्यास क्षमा असावी. यिर्मया.’

आणि त्याखाली बारीक टाइपात विसाजीपंतांचा स्वतःचा शेरा. गिरिजाने तो मोठ्याने वाचला.

‘सदरहू पत्र कोणी गृहस्थानें टोपणनांवें लिहिलें असावें असा आम्हांस प्रथम संशय होता. त्यावरून त्या शिद्यास छापखान्यावर बोलावून, ओट्याखालीं बसवून, आमचे देखत चार ओळी लिहवून घेतल्या. अक्षर वळणदार आहे. पत्राचा कागद आम्हीं पाणी शिंपडून मगच हातीं धरिला, याविषयीं आमचे वर्गणीदारांनीं निश्चिंत असावें. वि.’

पुरावा मिळाला होता. पाहिजे होता त्याहून पक्का. माणूस होता, त्याचं नाव होतं, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि याची साक्ष द्यायला खुद्द विसाजीपंत उभे होते. पण कशी साक्ष! ‘एकानें तरी मजशीं तोंडानें बोलावें’ असं जो लिहितो, त्याला दारात बोलावून, ओट्याखाली बसवून, परीक्षा घेऊन, त्याच्या कागदावर पाणी मारून मग हे थोर सुधारक त्याचं छापतात. आणि वर वर्गणीदारांना कळवतात की घाबरू नका, आम्ही बाटलो नाही. आणि कागदाच्या उलट्या बाजूला सुधारणेची आवश्यकता! गिरिजाने सिंकपाशी जाऊन चूळ भरली.

“काय चाललंय?” जिन्यावरून काकांचा आवाज आला. मोदकपात्राची वाफ, उघडा अल्बम आणि पंच्यावर पालथे पडलेले पणजोबा पाहून ते पायरीवरच थबकले. “रत्ना! काय केलंस हे?”

“तुम्ही पुरावा मागितलात,” काकू म्हणाल्या. “निघाला.”

काका पुढे आले. कागदाला हात न लावता, पाठीमागे हात बांधून, वाकून त्यांनी वाचलं. वाचता वाचता त्यांच्या मानेची शीर उडायला लागली. गिरिजाला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. वाईट वाटलं म्हणेल. निदान खाली बसेल. ती थांबली, आजवरच्या सगळ्या रविवारांची आठवण ठेवून थांबली.

काका सरळ झाले. “त्या काळाप्रमाणे होतं ते. त्यात काही विशेष नाही. पण लोक उगाच विपर्यास करतात.” मग जरा वेळाने, “पत्र ग्रंथात नको. अग्रलेख परत चिकटवून टाका.”

“खळ संपली,” काकू म्हणाल्या. वाटी त्यांच्या समोरच होती, अर्धी भरलेली. त्यांनी ती उचलली आणि नळाखाली धरली.

“काका, मी हे पत्र त्याच्या नावाने टाइप करणार आहे,” गिरिजा म्हणाली. “खालच्या शेऱ्यासकट. आणि त्या बाईंना देणार आहे. तुमच्या ग्रंथाची फाईल पेन ड्राइव्हवर देते, पुढचं तुम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

“तो कागद आमच्या घरचा आहे.”

“घ्या मग.” गिरिजाने पंच्यासकट तो ओला कागद दोन्ही हातांवर उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

काकांनी हात पुढे केला. बोटं कागदापासून वीतभर अंतरावर आली आणि तिथेच थांबली. मग तो हात हळूच मागे गेला आणि सदऱ्याला पुसला गेला. कशाला पुसला, त्यांनाही सांगता आलं नसतं. हात अजून कशालाच लागला नव्हता.

“ठेव तिथं, टेबलावर,” ते म्हणाले.

“धरा की हातात काका,” गिरिजा म्हणाली. “पाणी मारून झालंय.”